तीन नंबरचं पुढचं डावं चाक

सकाळी साडेसहाला मिस्त्री वर्कशॉपचं शटर वर करायचे आणि चहाच्याही आधी पान्याला हात घालायचे. एकोणीस वर्षांचा हा नेम. ठाणं पाणीपुरवठ्याचं, टेकडीच्या पायथ्याशी. वर चौदा किलोमीटरवर तलाव आणि तलावापासून खाली येणारा माणसाच्या कमरेएवढा जाड पाइप. पाइपाच्या कडेची वाट म्हणजे नुसते दगड, चिखल आणि वळणं. जीप तिथे अर्ध्यातून तोंड फिरवून परत यायची. म्हणून ठाण्यात तीन एटीव्ही होत्या. वरून बघाल तर मोटरसायकल, तसंच हँडल, तसंच सीट, आणि खाली बघाल तर चार फुगलेली चाकं. कुणी त्यांना नावं दिली नव्हती. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, एवढ्यावर भागत होतं.

या गाड्या दिसतात खेळण्यासारख्या, पण त्या माणसाला कधी पाठीवरून फेकतील याचा नेम नाही, असं मिस्त्री प्रत्येक नव्या चालकाला बजावायचे. त्यांची तपासणीची पद्धत ठरलेली. गाडी सपाट फरशीवर, इंजिन गार, ब्रेक लावलेला, किल्ली काढून स्वतःच्या खिशात. मग टायरची हवा, कारण या चाकांना हवा अगदी थोडी लागते आणि डावी-उजवीकडे जरा कमीजास्त झाली की गाडी एका बाजूला ओढते. मग चेन, दोन बोटं ढिली. मग ब्रेक, मग अंगठ्याने दाबायचा वेगाचा खटका, सोडल्याबरोबर मागे येतो की नाही. आणि शेवटी चाकांचे नट, प्रत्येक चाकाला चार.

नट मापाच्या पान्याने आवळायचे. पुरेसा जोर लागला की तो पाना 'कट्ट' असा आवाज करतो. मग मिस्त्री छोट्या ब्रशने नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. नट जरा जरी सरकला तरी रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. त्या रेघेशेजारी चालकाने स्वतः तपासून आपल्या रंगाची रेघ ओढायची. दोघांच्या दोन रेघा झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही.

हा दुसऱ्या रेघेचा नियम पूर्वी कुणी फारसा मनावर घेत नसे. तीन वर्षांपासून तो सक्तीचा झाला. मिस्त्रींचा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून.

धाकटा याच वाटेवर गस्त घालायचा, याच तीन नंबरवर. त्याचा रंग लाल. बोलायला मोकळा, कामाला वाघ, पण रेघ ओढायचा कंटाळा. "दादाची खूण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं म्हणत तो हसत गाडीवर टांग टाकायचा. पाइपावरच्या तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वरच्या वळणावर गाडी खाली गेली. पुढचं डावं चाक गाडीपासून चाळीस हात लांब सापडलं. नट कधीच सापडले नाहीत. चौकशी झाली, कागद झाला. चाकाच्या पत्र्यावर पिवळ्या खुणा आहेत, म्हणजे मिस्त्रींचं काम चोख. लाल खूण नाही, म्हणजे चालकाने न तपासता गाडी काढली. वेग जास्त, निष्काळजीपणा, आपटल्यामुळे चाक निखळलं. खाली मिस्त्रींची सही.

आता त्याच वाटेवर धाकट्याची मुलगी गस्त घालत होती. वय बावीस, चण लहान, म्हणून घरीदारी सगळे तिला बारकी म्हणायचे. चार महिन्यांपूर्वी ती नोकरीला लागली आणि एक नंबर चालवायला लागली. तिचा रंग निळा. ती कधी घाई करायची नाही. ठाण्यातले जुने लोक तिला चिडवायचे, "बाई, तुझ्यापेक्षा गोगलगाय आधी पोचेल." तर ती शांतपणे म्हणायची, "गोगलगाय परत तरी येते." भावजयीने पोरीला एवढंच शिकवलं होतं: तुझ्या बापाला घाई नडली, तू तशी वागू नकोस.

हे सगळं कानावर पडायचं आणि मिस्त्री मान खाली घालून चेनला तेल देत राहायचे.

मग एक नंबरचं इंजिन बसलं. सुटा भाग यायला दोन महिने लागणार होते. दोन नंबर दुसऱ्या पाइपावर अडकलेली. साहेबांनी सांगितलं, गोदामातली तीन नंबर काढा. ती दुरुस्त होऊन तशीच ताडपत्रीखाली पडली होती. नवीन हँडल, नवीन चाकं, सगळं मिस्त्रींनीच बसवलेलं. "तुझी हरकत नाही ना?" असं साहेबांनी बारकीला विचारलं. ती म्हणाली, गाडीचा काय दोष?

मिस्त्रींनी दोन दिवस खपून ती गाडी तिच्या मापाची केली. बोटं आखूड, म्हणून ब्रेकचा दांडा हँडलच्या जवळ आणला. अंगाने हलकी, म्हणून मागच्या स्प्रिंगा पाचव्या खाचेवरून दुसऱ्यावर आणून नरम केल्या. तिला सीटवर बसवून हँडल इकडे-तिकडे फिरवायला लावलं, कोपर कुठे येतात ते पाहिलं. "काका, शिंपी झाला असतात तर बरं झालं असतं," बारकी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघं हसले. मग त्यांनी सोळाही नट आवळले. सोळा वेळा कट्ट. सोळा पिवळ्या रेघा, आणि त्यांच्या शेजारी तिच्या सोळा निळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे नटांना पाना लावला. पुढच्या डाव्या चाकाचा पहिला नट पान्यासोबत सहज फिरला.

ते थबकले. रेघ पाहिली. पिवळी सरळ, निळीही सरळ. नट फिरवत गेले, तेव्हा एक पूर्ण वेढा झाल्यावर कट्ट असा आवाज आला आणि रेघा पुन्हा जशाच्या तशा जुळल्या. उरलेल्या तीन नटांचंही तेच. चारही नट बरोबर एक वेढा ढिले. बाकीच्या तीन चाकांना काही झालं नव्हतं.

माणूस हिशेबी. त्यांनी मनाशी म्हटलं, नवीन रंगाचा थर मधे आला असेल, तो दबला असेल. एक नट अर्धा वेढा ढिला झाला असता, दुसरा पाव, तर ते समजण्यासारखं होतं. चारही नट बरोबर एकच वेढा कसे फिरले, याचा विचार त्यांनी त्या दिवशी केला नाही. बारकी आली, तिने निळ्या रेघा पाहिल्या, किल्ली घेतली आणि गेली. दुपारी धडधाकट परत आली.

त्याच्या पुढच्या सकाळी दोन वेढे.

कुणीतरी खोडी काढतंय, असं त्यांना आधी वाटलं. पहारेकऱ्याला आडून-आडून विचारलं. तो बिचारा म्हातारा, त्याला चाक काढायचं म्हटलं तर खुर्ची लागेल. तरी त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मापाचा पाना घरी नेला, शटरला दुसरं कुलूप घातलं आणि गाडीभोवती फरशीवर खडूची भुकटी पसरली. सकाळी भुकटीवर चिमणीचंसुद्धा पाऊल नव्हतं. नट तीन वेढे ढिले होते आणि रेघा सरळ.

चौथ्या सकाळी पान्याची गरजच पडली नाही. नट पत्र्यापासून सुटून बाहेर आलेले उभ्याउभ्या दिसत होते. नटावर पिवळी रेघ, मधे रिकामी फट, पत्र्यावर पिवळी रेघ. पट्टी लावून ओढल्यासारखी एका ओळीत.

मिस्त्री फरशीवर बसले. कपाटाचा सगळ्यात खालचा खण त्यांच्यापासून दोन हातांवर होता, आणि तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांची नजर तिकडेच जात होती.

त्या खणात एका फडक्यात गुंडाळलेले चार बोल्ट होते, आणि धाकट्याची लाल रंगाची बाटली.

चाक आपटून निखळलं असतं तर बोल्ट वाकले असते, त्यांचे आटे चिरडले असते. अपघातानंतर गाडी वर्कशॉपमध्ये आणली तेव्हा मिस्त्रींनी ते बोल्ट पाहिले होते. आटे नव्यासारखे स्वच्छ होते. नट एकेक वेढा फिरत, वाटेवर कुठेकुठे गळून पडले होते. मिस्त्रींनी मुकाट्याने नवे बोल्ट बसवले आणि जुने खणात टाकले. चौकशीला आलेल्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

त्या सकाळी झालं होतं ते असं. चाक पंक्चर होतं, ते काढून मिस्त्रींनी परत चढवलं. गाडी जॅकवर. चाक हवेत असताना नट फक्त बोटांनी बसवायचे असतात, मग जॅक उतरवायचा, चाक जमिनीला टेकलं की समोरासमोरचे नट एकाआड एक पक्के आवळायचे, आणि मग रेघ. शिकाऊ माणसालाही हे पाठ असतं. पण बाकीच्या चाकांच्या रेघा ओढता ओढता ब्रश हातात होता, रंग ओला होता, वाळून जाईल म्हणून या चार नटांवरही त्यांनी रेघा ओढून घेतल्या. आवळायचं नंतर. तेवढ्यात साहेबांनी कुठल्याशा कागदासाठी ऑफिसात बोलावलं. धाकटा आला, खुणा पाहिल्या, जॅक उतरवला. अंगणातून त्याने हाक मारली, "दादा, झालंय ना? निघतो." मिस्त्री खिडकीत पाठमोरे उभे होते. मागे न बघता त्यांनी हात वर केला.

तो वर केलेला हात आज तीन वर्षं त्यांना खाली घेता आला नव्हता.

त्यांनी मोजलं. बोल्टवर आटे असे होते की नऊ वेढे फिरले की नट गळून पडावा. रोज आवळूनही रोज एक वेढा जास्त. अजून पाच दिवस.

पाचव्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि गाडी बाजूला काढायची म्हणाले. साहेबांनी बिघाडाचा फॉर्म पुढे केला. बिघाडाचं स्वरूप, असा एक रकाना. मिस्त्री पेन हातात धरून उभे राहिले. खूण सरळ असून नट ढिला असतो, असं लिहिलं असतं तर कुणीतरी नक्की विचारलं असतं, मग तीन वर्षांपूर्वीही असंच झालं नसेल कशावरून? साहेब म्हणाले, बिघाड सांगा, आत्ता थांबवतो, पण व्हॉल्व्हचं रीडिंग रोज हवं, खाली अर्धं गाव त्या पाण्यावर आहे. मिस्त्रींनी फॉर्म कोरा परत दिला. मीच डोळ्यांत तेल घालून बघतो, म्हणाले. रोज सकाळी मी स्वतः आवळीन, मग काय बिशाद आहे?

बारकीच्या नजरेतून त्यांचं चाकापाशी घुटमळणं सुटलं नव्हतं. किल्ली घेताना ती म्हणाली, "काका, काही आहे का? असेल तर सांगा."

"काही नाही. जा सावकाश."

सहाव्या सकाळी सहा वेढे. त्यांनी आवळले. पाना दोनदा निसटला.

सातव्या सकाळी त्यांनी शटर वर केलं. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, पाइपावर दव चमकत होतं. त्यांनी पाना लावला. कट्ट. दुसऱ्या नटाला लावला. कट्ट. चारही नट पक्के. केसभरही हलले नव्हते.

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणाले. बारकीला त्यांनी स्वतः चहा करून दिला. तिने निळ्या रेघांवरून बोट फिरवलं, हेल्मेटचा पट्टा लावला आणि ती निघाली. फाटकातून वळताना तिने मागे बघून हात केला. यांनीही केला.

ती दुपारी दोनला यायची, ती बारालाच परत आली. चालण्याच्या वेगाने गाडी आत आणली, इंजिन बंद केलं, पण लगेच उतरली नाही. तिच्या दोन्ही हातांना वंगण लागलं होतं.

"हँडल थरथरायला लागलं," ती म्हणाली. "तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वर. मी थांबले."

मिस्त्री चाकापाशी वाकले.

"नट बोटांनी फिरत होते, काका. चारही. सात वेढे. मी मोजले." तिने चाकाकडे बोट केलं. "आणि रेघा बघा. तेव्हाही अशाच होत्या. तुमचीही आणि माझीही."

तिने पेटीतल्या पान्याने नट आवळले होते आणि पाच-पाच मिनिटांनी उतरून तपासत आली होती. ती उतरली, नळाखाली हात धरले आणि पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी थांबले म्हणून वाचले. बाबा थांबले नसतील. त्यांना काय, घाईच होती. आई म्हणते ते खोटं नाही."

मिस्त्रींनी खण उघडला.

फडकं उलगडून त्यांनी चारही बोल्ट बाकावर ओळीने मांडले. मग सांगितलं. फार वेळ लागला नाही. चाक हवेत होतं, रेघ आधी ओढली, हाक आली, हात वर केला. तीन वर्षं छातीवर धोंडा होता आणि सांगायला चार वाक्यं पुरली. याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

नळ चालूच होता. बारकीने तो बंद केला.

"तुम्ही हात केला तेव्हा बाबा तुमच्याकडे बघत होते?"

"हो. बघतच असणार. मी बघितलं नाही."

"मग त्यांनी तपासलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं, म्हणजे तपासलंच की."

तिने चार बोल्ट एकेक करून उचलले, खिशात घातले.

"आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी ते भावजयीच्या दारात गेले. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटचा सदरा घडी करून झाल्यावर ती म्हणाली, "भावोजी, मी पोरीच्या मनात विष कालवलं. तुमच्या एका सहीपायी." आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही, अगदी हळू लावलं. आदळलं असतं तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना घरी जाताना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना लेखी दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. जुनी चौकशी पुन्हा उघडेल म्हणाले. धाकट्याच्या नावापुढचा शेरा खोडला जाईल. मिस्त्रींनी दोन दिवसांत चार्ज द्यायचा, मग निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही.

त्या दोन्ही सकाळी नट पक्के होते. बारकी गेली, आली, हँडलला कंपसुद्धा नव्हता. ती आता यायची ती सरळ पाना मागायची. मिस्त्रींची रेघ बघायची नाही. सोळाही नट स्वतः आवळायची, कट्ट ऐकायची, आणि मग निळी रेघ. मिस्त्रींशी कामापुरतं बोलायची. काका म्हणायची नाही. ते त्यांना लागलं, पण त्यांनी ते गिळलं. पोर सुखरूप होती. त्यांनी मागितलं असतं तर एवढंच मागितलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा मिस्त्री आला. कमी बोलणारा, बरा माणूस वाटला. यांनी त्याला सगळं एकेक करून दाखवलं: कुठल्या गाडीची चेन लवकर ताणते, कुठल्या टायरची हवा गुपचूप उतरते, बारकीचा ब्रेक तिच्या मापाचा आहे, त्याला हात लावू नका. पाने मोजून दिले. किल्ल्या दिल्या. शेवटी खालचा खण रिकामा करताना ती लाल रंगाची बाटली हाताला लागली. हलवून पाहिली. आत रंगाचा खडा झाला होता, झाकण असं चिकटलेलं की पकडीनेही हलेना. क्षणभर ती खिशात ठेवावी असं त्यांना वाटलं. मग त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नव्या माणसाने शटर खाली ओढलं. साहेबांशी बोलून तो स्कूटरवर निघूनही गेला.

अंगणात मिस्त्री एकटे उरले. तीनचं ऊन. पाइपातलं पाणी मंद घुमत होतं.

त्यांची सायकल शेडच्या खांबाला टेकलेली होती. ठाण्यापासून घरापर्यंत सगळा उतारच. एकोणीस वर्षं ते रोज एकदाही पायडल न मारता घरी पोचायचे, आणि धाकटा त्यांना त्यावरून चिडवायचा, की दादा घरी जात नाही, घरंगळतो.

त्यांनी हँडल धरलं, सायकल खांबापासून बाजूला केली आणि तिथेच थांबले.

पुढच्या चाकाच्या नटावर एक लाल रेघ होती.

बारीक, नटावरून निघून चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पत्र्यावर गेलेली. डाव्या बाजूला. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

त्यांनी बोट टेकवलं. बोटाला लाल रंग लागला.

खिशात पाना नव्हता. शटरला कुलूप होतं आणि किल्ली आता त्यांच्याकडे नव्हती.

ते खाली वाकले. नटावर दोन बोटं ठेवली. खूण सरळ असली की नट पक्का असतो. खूण सरळ असून नट ढिलाही असतो. हे दोन्ही त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बोटं जरा फिरवली की कळलं असतं.

मिस्त्रींनी बोटं फिरवली नाहीत. हात मागे घेतला, उठले आणि सायकल हाताने धरून उतार उतरू लागले.

शेजारी पुढचं चाक सावकाश फिरत होतं. पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या त्याच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हकडे बघत मिस्त्री फेऱ्या मोजत होते. नऊ झाल्या की पुन्हा एकपासून.